कपडा आणि काया एकाच भिंतीवर: पणजीत असं प्रदर्शन मांडायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. एक छायाचित्रकार आणि एक फॅशन डिझायनर, दोघंही गोव्यातले. हाताशी सुमारे ६० चित्रं, त्यांतली निम्मी फॅशनची आणि निम्मी विवस्त्र मॉडेलची. डिसेंबरात पणजीत दालन भाड्याने घेऊन ती एकत्र लावायची आहेत. चित्रं किती घ्यावीत, न्यूड वेगळ्या खोलीत ठेवावीत का, कायद्याचं काय, आणि आपल्या दमट हवेत प्रिंट नीट राहतील का, हे विचारलं आहे.

आधी वेगळ्या खोलीचं. ठेवू नका. पडदा लावून न्यूड मागच्या खोलीत नेली की पुढची फॅशन ही नुसती जाहिरात होते आणि मागची चित्रं चोरून बघायची वस्तू होतात. विषयच असा आहे की कपडा आणि अंग यांचं नातं एकाच नजरेत दिसलं पाहिजे. छायाचित्रकार हेल्मुट न्यूटनने १९८१ मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी केलेली चित्रजोडी आठवा: चौघी मॉडेल चालत समोर येताहेत, एका चित्रात कपड्यांत आणि दुसऱ्यात विवस्त्र, उभं राहण्याची ढब जवळजवळ तीच. दोन्ही शेजारी लावल्यावर कळतं की रुबाब कपड्यात नव्हता, चालीत होता. एकटं न्यूड हे सांगू शकत नाही, एकटी फॅशनही नाही. तुमची निवड याच कसोटीवर करा. प्रत्येक न्यूडला विचारा, हे काढलं तर शेजारच्या कपड्याच्या चित्राचं काही बिघडतं का? बिघडत नसेल तर ते कितीही सुंदर असो, या प्रदर्शनात त्याचं काम नाही.

ही कसोटी लावली की ६० मधली ३०-३५ आपोआप गळतात. पुढची काटछाट भिंत करते. वापरण्याजोगी भिंत मोजा: दारं, खिडक्या, स्विचबोर्ड वगळून, कोपऱ्यापासून अर्धा मीटर सोडून. समजा ३६ मीटर मिळाली. फ्रेमची सरासरी रुंदी ८० सेंटिमीटर आणि मधली जागा ६० धरली तर २६ चित्रं कोंबून बसतात. जोड्यांना श्वास घ्यायला मोठं अंतर लागतं; जोडीतली दोन चित्रं १०-१५ सेंटिमीटरवर आणि दोन जोड्यांमध्ये दोन मीटर, असा हिशेब केला की १८ ते २० वर थांबावं लागतं. तिथेच थांबा.

जोड्या लावताना एक ढोबळ चूक फार होते: शरीराचा आकार आणि कपड्याचा आकार नुसता जुळवणं. पाठीचा कणा आणि साडीची निरी, खांदा आणि बाही, असं. पहिल्या जोडीत मजा येते, चौथ्या जोडीत कंटाळा. त्यापेक्षा कपडा अंगावर काय करतो ते शोधा. इलॅस्टिकचा वळ घ्या. घट्ट कमरबंद उतरवल्यावर कमरेवर दाते उमटलेले असतात, ब्लाउजच्या शिवणीची रेघ काखेखाली असते, नाडीची गाठ बेंबीच्या बाजूला खोलगट दिसते. एरवी न्यूडच्या शूटआधी मॉडेलला तासभर सैल गाउनमध्ये बसवतात, ते हे वळ जावेत म्हणूनच. तुमच्या विषयात मात्र तो वळ म्हणजे कपडा निघून गेल्यावर त्वचेवर राहिलेलं त्याचं शिवणकाम. डिझायनर सोबत आहे, तर ज्या कपड्याचा तो वळ आहे तोच कपडा शेजारच्या चित्रात असू दे. साठातल्या चित्रांत असं काही नसेल तर एखाद-दोन नवी चित्रं काढायला अजून वेळ आहे. कपडा उतरवल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच टिपायला हवं, वळ लवकर मऊ पडतात. प्रकाश एका बाजूने, जवळजवळ अंगाला घासून जाणारा; समोरून सॉफ्टबॉक्स (मऊ, पसरट प्रकाशाची पेटी) मारला की वळ दिसेनासा होतो.

दुसरा धडा छायाचित्रकार अर्व्हिंग पेनचा. एकीकडे ‘व्होग’साठी काटेकोर फॅशन टिपत असतानाच १९४९-५० मध्ये त्याने भरदार, वळ्या पडलेल्या शरीरांची न्यूड काढली, ती नीट लोकांसमोर आली १९८० मध्ये. प्रिंट जास्त एक्स्पोज करून, ब्लीच करून पुन्हा डेव्हलप केल्यामुळे त्यातली त्वचा खडूसारखी पांढरट दिसते. फॅशनमधलं शरीर आणि खरं शरीर यांतली दरी दाखवायला याहून सरळ वाट नाही. तुमच्या न्यूडमध्ये सगळी शरीरं रॅम्पवरचीच असतील तर प्रदर्शन एकाच सुरात राहील. वय, जाडी, पुरुष-स्त्री, ऑपरेशनचे व्रण, याकडे निवडताना लक्ष द्या.

गोव्याच्या संदर्भात एक गोष्ट सांभाळून करायची आहे. कुणबी साडी पूर्वी ब्लाउजशिवाय, खांद्यावर गाठ मारून नेसली जायची. उघडा खांदा आणि पाठ हा शेतात राबणाऱ्या बाईचा रोजचा पेहराव होता. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा फॅशनच्या मंचावर आणली तेव्हा तिच्या विणीला आणि नेसणीला मान दिला. तीच साडी विवस्त्र मॉडेलच्या अंगावरून घसरतेय असं चित्र यादीत असेल तर काढून टाका. ज्यांचा तो कपडा आहे त्यांच्या कष्टाचा तो प्रॉप होतो, आणि चित्र म्हणूनही ते आळशी आहे. तसंच पार्श्वभूमी तपासा. आपल्याकडे फ्रेममध्ये नकळत खुरीस (क्रूस) येतो, तुळशीवृंदावन येतं, चॅपलची भिंत येते. नग्न शरीरामागे धार्मिक खूण आली की चर्चा कलेची राहत नाही, आणि धार्मिक भावना दुखावल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ पुढे येतं.

आता कायदा. भिंतीवरच्या छायाचित्रांना आधी कुणाकडून सेन्सॉरचा दाखला घ्यावा लागत नाही. लूपवर व्हिडिओ लावणार असाल तर मात्र सिनेमॅटोग्राफ कायद्याचा वेगळा प्रश्न येतो, म्हणून या खेपेला व्हिडिओ नको. अश्लील वस्तूंविषयीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं २९४ (जुनं भादंवि २९२). त्यात विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो, हे विसरू नका. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुनी हिकलिन कसोटी (सुटा भाग घेऊन तो कमकुवत मनाला बिघडवेल का एवढंच बघणारी) बाजूला ठेवून समकालीन समाजाच्या मापाने, संपूर्ण संदर्भात चित्र पाहायला सांगितलं. तो खटला टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या विवस्त्र छायाचित्रावरचाच होता. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे साळगावात जन्मलेले चित्रकार एफ. एन. सूझा. त्यांची आणि चित्रकार अकबर पदमसींची मिळून सात चित्रं मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने अश्लील म्हणून जप्त केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द केली; प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं असं स्पष्ट म्हटलं. हा निकाल छापून फाइलमध्ये ठेवा.

पण या निकालांच्या भरवशावर पोस्टर करू नका. इथेच लोक फसतात. स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा १९८६ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये कलेला सूट आहे, पण ती त्या कलमापुरती. जाहिरातीचं कलम ३ वेगळं आहे आणि तिथे ती सूट नाही. जाहिरातीच्या व्याख्येत सूचनापत्रक, परिपत्रकसुद्धा येतात. म्हणजे जे चित्र दालनात बिनधास्त लागू शकतं, तेच रस्त्यावरच्या बॅनरवर किंवा निमंत्रणपत्रिकेवर अडचणीचं ठरू शकतं. पोस्टरला कपड्याचं चित्र घ्या. विषय सांगायला रिकाम्या खुर्चीवर टाकलेला पोशाखही पुरतो. सोशल मीडियावर टाकलेल्या चित्राला शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागू होतं, म्हणून न्यूड फक्त भिंतीवर, नेटवर नाही.

चित्र कुठे काढलं हेही पाहिलं जातं. २०२० च्या नोव्हेंबरात काणकोण तालुक्यात एका धरणाच्या जागी केलेल्या चित्रणावरून पोलीस केस झाली होती, हे आठवत असेल. उघड्या किनाऱ्यावर, धरणावर, किल्ल्यात काढलेलं न्यूड भिंतीवर लावणं म्हणजे सार्वजनिक जागी काय केलं याचा पुरावा स्वतःच्या हाताने टांगणं. न्याय संहितेचं कलम २९६ (सार्वजनिक जागी अश्लील कृत्य) तिथे येतं. अशी चित्रं असतील तर बाजूला ठेवा. खाजगी घर, अंगण, स्टुडिओ इथली घ्या, आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी जोडा.

संमतीपत्र हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि तोच सर्वात ढिसाळपणे केला जातो. ‘माझे फोटो वापरायला हरकत नाही’ एवढी ओळ कामाची नाही. न्याय संहितेच्या कलम ७७ चं स्पष्टीकरण वाचा: स्त्रीने चित्र काढू देण्याला संमती दिली, पण ते तिसऱ्याला दाखवण्याला दिली नाही, तरी दाखवलं तर गुन्हा. म्हणून काढणं, दालनात लावणं, कॅटलॉगमध्ये छापणं, प्रिंट विकणं, वर्तमानपत्राला देणं, नेटवर टाकणं यांच्या वेगवेगळ्या ओळी करा आणि प्रत्येकीसमोर वेगळी सही घ्या. निवडलेल्या प्रत्येक चित्राची छोटी प्रत त्याच कागदावर छापून त्यावर मॉडेलची आद्याक्षरं घ्या. ‘त्या दिवशीचे सगळे फोटो’ असं लिहू नका. शूटच्या दिवशीचं वय १८ पूर्ण असल्याचा पुरावा जोडा. त्यात शंका असेल तर चित्र फाइलमध्येसुद्धा ठेवू नका, तिथे पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. कागद त्या माणसाला वाचता येईल त्या भाषेत हवा, कोकणी, मराठी, हिंदी जी असेल ती. पाच वर्षांपूर्वीची सही असली तरी आता पुन्हा विचारा. तेव्हा अविवाहित असलेली मुलगी आज कुणाची आई, कुणाची शिक्षिका असेल. गोवा लहान आहे. म्हापशात काढलेला चेहरा मडगावात ओळखला जातो. कॅप्शनमध्ये गावाचं नाव, खरं नाव, डिजिटल फाइलच्या नावात आडनाव, यांपैकी काही नको, जोवर तिने स्वतः सांगितलेलं नाही. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तिला भिंत पाहायला बोलवा. मोबाइलवर पाहिलेलं चित्र आणि तेच चित्र चार फूट उंचीचं, यात फार फरक असतो. तिथे ती नाही म्हणाली तर चित्र उतरवायचं, वाद घालायचा नाही. त्यासाठी कपड्याची दोन जादा चित्रं फ्रेम करून तयार ठेवा.

फॅशनच्या चित्रांचा हक्क वेगळाच निघू शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन कुणासाठी काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. ब्रँडसाठी केलेली कामं यादीत असतील तर त्यांची परवानगी आताच मागा.

प्रिंटकडे येऊ. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० × ४००० असते. १६ × २४ इंचाला ती इंचामागे २५० पिक्सेल देते, म्हणजे छान. २४ × ३६ ला १६६ वर येते. मऊ प्रकाशातल्या न्यूडला ते चालून जातं, पण सिक्विन आणि विणीच्या कपड्याला चालत नाही. कागद दोन्ही प्रकारच्या चित्रांना एकच घ्या. फॅशन चकचकीत आणि न्यूड मॅट, असं केलं की प्रेक्षकाला नकळत सांगितलं जातं की एक बाजारू आणि दुसरं कला. सुती रॅग कागद, ३०८-३१० ग्रॅमचा, त्वचेला उत्तम. त्याची अडचण काळ्या रंगात आहे. मॅट कागदाचा काळा बरायटासारखा (किंचित चकाकणाऱ्या लेपाचा कागद) खोल जात नाही, त्यामुळे सावळ्या त्वचेच्या सावलीतले थर एकमेकांत मिसळतात आणि काळं मखमल हा सपाट डाग होतो. तुमच्या चित्रांत सावळ्या त्वचा आणि काळे कपडे जास्त असतील तर बरायटाच घ्या, आणि चकाकी प्रकाशाच्या कोनाने सांभाळा.

त्वचा छापताना नेहमीची तक्रार ‘प्रिंट काळपट आला’ अशी असते. दोष बहुतेक वेळा मॉनिटरच्या झगझगाटात असतो. उजेड चौरस मीटरला ८० ते १०० कॅन्डेलापर्यंत खाली आणा, कागदाचं प्रोफाइल लावून सॉफ्टप्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याचा पडद्यावरचा अंदाज, बघा. मग पूर्ण प्रिंट न काढता खांदा-गळा-गाल असा आठ इंचाचा पट्टा काढा, तीन-चार वेगवेगळ्या उजेडाचे. रंग स्थिरावायला रात्रभर ठेवा आणि सकाळी खिडकीत न पाहता दालनातल्याच दिव्याखाली पाहा. रिटचिंगही या पट्ट्यावरच कळतं. मासिकाच्या पानावर खपून जाणारी गुळगुळीत कातडी मोठ्या प्रिंटवर प्लॅस्टिकसारखी दिसते. न्यूडमध्ये रोमरंध्रं ठेवली आणि फॅशनमध्ये पुसली, तर ती निवड आहे हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. नाहीतर दोन्हीकडे ठेवा.

फ्रेमिंगमध्ये गोव्याची हवा हाच शत्रू. कागद ओल पिऊन फुगतो. चारही बाजूंनी टेप मारला तर फुगायला जागा नसते आणि दोन दिवसांत लाटा येतात. म्हणून प्रिंट फक्त वरच्या कडेला, दोन जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने लटकवायचा. दुहेरी टेप आणि फेविकॉल फ्रेमवाल्याच्या हातातून काढून घ्या. माउंटबोर्ड ॲसिड-फ्री, त्यात कापलेल्या खिडकीची कड प्रिंटवर ४ मिलिमीटर. छापल्यापासून काच बसेपर्यंत किमान २४ तास, नाहीतर शाईतला बाष्पांश काचेच्या आत धुक्यासारखा जमतो. मागे एमडीएफ नको, तो ओलीने फुगतो आणि आम्ल सोडतो. पन्हाळी प्लॅस्टिक शीट लावा, कडा टेपने बंद करा, म्हणजे कसरही शिरत नाही. ३० × ४२ इंचाच्या फ्रेमला ३ मिलिमीटर काच सहा किलोची होते, तेवढंच ॲक्रिलिक तीन किलोचं. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर हा फरक मोठा आहे, कारण खिळा गिलाव्यातच राहतो आणि गिलावा सुटतो. ड्रिल चिऱ्यापर्यंत न्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून ५ मिलिमीटरचे रबरी बटण लावा, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमला चिकटत नाही आणि मागून हवा खेळते.

एसी दिवसा चालू, रात्री बंद, ही सवय सगळ्यात वाईट. पहाटे आर्द्रता चढते, दुपारी उतरते, आणि कागद रोज श्वास घेतल्यासारखा हलतो. २५ अंशांवर अखंड चालवा किंवा डिह्युमिडिफायर लावून ५० ते ५५ टक्क्यांवर धरा. दालनात खरे पोशाखही ठेवणार असाल तर त्यांच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. रेशमाचा रंग पटकन उडतो. प्रिंटना १५० लागतो. दोन्ही एका खोलीत नीट बसत नाहीत, शेजारच्या उजळ चित्रामुळे पोशाख अंधारात गेल्यासारखा वाटतो. एखादाच पोशाख घ्या आणि तो कोपऱ्यात वळणावर ठेवा.

दिवे ३००० केल्विनचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वर. पण विक्रेत्याला आर-९ चा आकडा मुद्दाम विचारा. तो लाल रंगाचा असतो. तो कमी असला की त्वचा राखाडी, आजारी दिसते, मग प्रिंट कितीही चांगला असो. कोन उभ्या रेषेपासून ३० अंश. छत ३.२ मीटर आणि चित्राचा मध्य १.४५ वर असेल तर दिवा भिंतीपासून साधारण एक मीटरवर येतो.

टांगताना चित्राची मध्यरेषा जमिनीपासून १४५ सेंटिमीटर धरतात. फ्रेम १०० उंच आणि ताणलेली तार वरच्या कडेखाली ८ वर येत असेल तर हुक १४५ + ५० − ८, म्हणजे १८७ वर. उभ्या, पूर्णाकृती न्यूडला मात्र हा नियम मोडा. १५० सेंटिमीटरचा प्रिंट या मध्यरेषेवर लावला की चित्रातल्या माणसाचे डोळे दोन मीटरवर जातात आणि बघणाऱ्याच्या नजरेसमोर नेमकी कंबर येते. अवघडलेपणा तिथून सुरू होतो. खालची कड जमिनीपासून २० वर आणा. डोळे १५५ च्या आसपास येतात, आणि पाहणाऱ्याला आधी माणूस भेटतो.

दारापासून दीड मीटर आत आठ फुटांची आडभिंत उभी करा, रस्त्यावरून एकही चित्र दिसता कामा नये. १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही ही पाटी कोकणी, मराठी, इंग्रजीत दारावरच लावा आणि दाराशी माणूस बसवा. न्याय संहितेचं कलम २९५ मुलांना दाखवण्याविषयीच आहे. मोबाइल कॅमेऱ्यावर स्टिकर लावायला सांगा. आडभिंतीच्या पुढच्या बाजूला एक कपड्याचं मोठं चित्र फोटोसाठी मोकळं ठेवा, म्हणजे लोकांची हौसही भागते. दालनाच्या मालकाला बुकिंगच्या पत्रातच ‘यात नग्नचित्रं आहेत’ असं लिहून सगळी चित्रं दाखवा. तोंडी ठरलेलं उद्घाटनाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

शेवटी लॅब. चाचणीचे पट्टे, बिघडलेले प्रिंट, लॅबच्या संगणकातल्या फाइली हे सगळं बाहेर फुटण्याची जागा असते. न्यूडचं प्रिंटिंग समोर बसून करा, फाइल स्वतःच्या ड्राइव्हवरून उघडा, काम झाल्यावर त्यांच्या मशीनच्या रांगेतूनही पुसून घ्या. पट्टे आणि रद्दी प्रिंट मोजून परत आणा आणि फाडून, म्हणजे चेहरा कुठल्याच तुकड्यावर राहणार नाही इतके फाडून, नष्ट करा.